राणी बिघडते कशी ते बघायचं असेल तर हा सात पुस्तकांचा सेट घ्या, आणि चौथी कादंबरी गाळू नका

सुरुवातीलाच सांगून टाकते, यात सगळी गोष्ट फुटणार आहे. ज्यांना पुस्तकं अजून वाचायची आहेत आणि कोणाचं काय होतं ते आधी कळायला नको आहे त्यांनी सरळ शेवटून दुसऱ्या पॅरावर जा, तिथे छपाई, कागद, बॉक्स याबद्दल लिहिलंय. बाकीच्यांनी निवांत वाचा कारण मला यावर बरंच बोलायचंय.

सेट म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा पेपरबॅक बॉक्स सेट. कादंबऱ्या मुळात पाच, पण तिसरी आणि पाचवी इतक्या जाड आहेत की त्यांचे दोन दोन भाग केलेत, म्हणून बॉक्समध्ये सात पुस्तकं येतात. पहिली 1996 ची, पाचवी 2011 ची, आणि सहावी अजून आलेली नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. मी अप्पा बळवंत चौकातून घेतला. ऑनलाइन पण मिळतो आणि किंमत सारखी वरखाली होत असते, पण मला पान उघडून अक्षर केवढं आहे ते बघून मगच पैसे द्यायचे होते.

आता घेतला का, तर एका भांडणासाठी. यावरची सिरीज, 'गेम ऑफ थ्रोन्स', आपण सगळ्यांनीच बघितलीये, 2011 ते 2019, आठ सिझन, 73 एपिसोड, आणि शेवटच्या सिझनच्या पाचव्या एपिसोडला शहर शरण आलेलं असताना, घंटा वाजलेल्या असताना राणी डेनेरिस ड्रॅगनवर बसून अख्खं शहर जाळते, तेव्हा आमच्या ग्रुपवर जी जुंपली ती आजही कोणी विषय काढला की परत सुरू होते. अर्धे म्हणतात ती आधीपासून तशीच होती, बापावर, वेड्या राजा एरिसवर, गेली. अर्धे म्हणतात लिहिणाऱ्यांनी घाई केली. माझं म्हणणं एकच आहे, चांगली राणी वाईट होणं यात काहीही गैर नाही, उलट अशा गोष्टींमधला सगळ्यात जबरदस्त भाग तोच असतो, पण तिचा पाय नेमका कुठे घसरला ते मला दिसायला पाहिजे, आणि तो घसरला तेव्हा मला पण ते पाऊल बरोबरच वाटलेलं असायला पाहिजे. नाहीतर ती राणी नुसती वेडी होते आणि आपण नुसते बघत बसतो. हा सेट मी या एका कसोटीवर वाचला आणि त्यावरच हा रिव्ह्यू आहे, लढाया आणि ड्रॅगन याबद्दल लिहिणारे भरपूर आहेत.

दुष्ट राणी आपल्याला काही नवीन नाही. श्रावणात आई कहाण्या वाचायची, आटपाट नगर, राजाला दोन राण्या, एक आवडती एक नावडती, आवडती माडीवर आणि नावडती गुरांच्या गोठ्यात. आवडती अशी का वागते हे कहाणी कधी विचारत नाही, तिचं काम व्रताचं फळ सांगायचं असतं आणि ते ती चोख करते. परदेशी परीकथांचंही तेच. ग्रिम बंधूंनी 1812 ला हिमगौरीची गोष्ट छापली त्यात ती दुष्ट राणी हिमगौरीची सख्खी आई होती, 1819 च्या आवृत्तीत तिला सावत्र करून टाकलं, म्हणजे सख्ख्या आईच्या मनात असं काही का येत असेल या प्रश्नात कोणाला शिरायचंच नव्हतं. शेवटी तापलेले लोखंडी बूट घालून तिला मरेपर्यंत नाचायला लावतात आणि गोष्ट संपते.

कैकेयीचं मात्र वेगळं आहे आणि मला ती म्हणूनच कायम जवळची वाटत आली. ती रणात दशरथाच्या मदतीला गेलेली, वर तिने कमावलेले, रामावर तिची माया, आणि मग मंथरा एका रात्रीत तिच्या मनात भरतासाठीची भीती घालते. गीतरामायणात माडगूळकरांनी तिला स्वतःचं गाणं दिलंय, ती दशरथाला दिलेल्या वचनाची आठवण करून देते, आणि ऐकताना आपल्याला काय होणार ते माहीत असूनही तिची मागणी खोटी आहे असं म्हणता येत नाही. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून हे घराघरात गेलं. म्हणजे राणीला तिची बाजू मांडू द्यायची आणि तरी तिचा ऱ्हास दाखवायचा, हे आपल्याला चांगलं जमतं.

आणि पुण्यात राहून आनंदीबाईंचा विषय टाळता येत नाही. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तलवारी गारद्यांच्या, फायदा राघोबादादांचा, रामशास्त्र्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबादादांना. पण शनिवारवाडा बघायला आलेल्या कोणालाही विचारा, तोंडात पहिलं येतं 'ध चा मा'. ती आख्यायिका आहे, पण तीच लक्षात राहिली, आणि एका बाईने कागदावर एक अक्षर बदललं म्हणून सगळं झालं असं सांगणं किती सोयीचं आहे बघा, म्हणजे मग त्या वाड्यातली सत्तेची भानगड, पुतण्या कोण, काका कोण, कोणाला कैदेत टाकलेलं, काहीच समजून घ्यायला नको. राणीचा दोष मोठा केला की बाकीच्या सगळ्यांचा आपोआप लहान होतो. कल्पित गोष्टींमध्ये पण हे सर्रास होतं आणि म्हणूनच जिथे होत नाही ते पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं.

आता चौथी कादंबरी, म्हणजे बॉक्समधलं पाचवं पुस्तक, 'अ फीस्ट फॉर क्रोज', 2005. नेटवर कुठेही विचारा, लोक म्हणतील हे संथ आहे, यात टिरियन नाही, डेनेरिस नाही, जॉन जवळजवळ नाही, गाळून टाका. अजिबात गाळू नका. या पुस्तकात राणी सर्सी लॅनिस्टर पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या डोक्यातून बोलते, दहा चॅप्टर, आणि राणीचा ऱ्हास इतका तपशिलात, इतका आतून मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

परिस्थिती अशी की बाप मेलाय, म्हणजे टायविन, त्याला त्याच्याच मुलाने मारलंय. थोरला मुलगा जॉफ्री स्वतःच्या लग्नात विषाने गेलाय. धाकटा टॉमेन राजा आहे पण पोर आहे, आणि त्याच्या नावाने कारभार सर्सीच्या हातात आला आहे. आयुष्यभर तिने एकच गोष्ट मागितली, जे जेमीला मिळालं ते मला का नाही. दोघं जुळे, चेहरे सारखे, लहानपणी कपडे बदलले तर ओळखू यायचे नाहीत, मग त्याच्या हातात तलवार दिली आणि हिला विकल्यासारखं राजा रॉबर्टच्या घरी पाठवलं, आणि पहिल्याच रात्री रॉबर्टच्या तोंडी दुसरीचं नाव. तिची तक्रार शंभर टक्के खरी आहे. आणि तरी ती वाईट राज्य करते. मार्टिन या दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत सोडत नाही, एकासाठी दुसरीवर पाणी ओतत नाही, आणि मला वाटतं हीच या पुस्तकाची खरी ताकद आहे.

तिचं बिघडणं कसं दाखवलंय बघा. गडगडाटी हास्य नाही, काळे कपडे नाहीत, कारभारातले निर्णय आहेत. सुरुवातीलाच ती काकाला, केव्हनला, जेवायला बोलावते आणि हँड व्हायला सांगते, हँड म्हणजे आपल्याकडे प्रधान. केव्हन म्हणतो होतो, पण कारभार माझ्या हातात दे आणि तू माहेरी कॅस्टर्ली रॉकला जा. ती त्याच्या तोंडावर दारूचा पेला फेकते. मी हा भाग आईला सांगितला, तिला ड्रॅगन वगैरेत काडीचा रस नाही, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, पण घरातलं एवढं एकच शहाणं माणूस उरलेलं, त्यालाच हाकलला? मग आता हिला नाही म्हणायला कोण राहिलं?" मी म्हटलं, "आई, पण तो तिला घालवायलाच बघत होता ना." तर म्हणे, "ते पण खरंय गं." तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हालाही हे दोन्ही एकदम वाटेल, आणि लेखकाला तेच हवंय.

मग ती मंत्रिमंडळ भरते. प्रधान कोण, तर केव्हनचाच सासरा, म्हणजे केव्हनवर दाब राहील. खजिनदार कोण, सतत खोकणारा लॉर्ड गाइल्स. आरमार कोणाकडे, तर ऑरेन वॉटर्स, जो दिसायला रेगारसारखा आहे, आणि रेगार हा तिच्या लहानपणचा न झालेला नवरा. सोसायटीत एखादा चेअरमन कमिटीवर फक्त मान डोलावणारे घेतो आणि मग वर्षाने टाकी गळते तेव्हा कोणालाच काही माहीत नसतं, तसं अगदी. मीटिंगचे सीन वाचताना प्रत्येक जण तिला आवडेल तेच बोलतो आणि ती मनात म्हणते की बघा, शेवटी मलाच सगळं करावं लागतं.

पैशाचं प्रकरण तर मला सगळ्यात आवडलं. रॉबर्टने राज्य कर्जात घालून ठेवलंय. ब्राव्होसच्या आयर्न बँकेचे पैसे आहेत, सर्सी म्हणते लढाया संपेपर्यंत परतफेड थांबवा, आधी जहाजं बांधू. बँकेचा माणूस भेटायला येतो, ती त्याला टोलवत राहते. बँक मग काय करते, दिलेली कर्जं सगळीकडून परत मागायला लागते आणि पुढे तिच्या शत्रूकडे, स्टॅनिसकडे, माणूस पाठवते. दुसरं कर्ज धर्मपीठाचं, नऊ लाखांच्या वर सोन्याची नाणी. नवा धर्मगुरू साधा, अनवाणी, स्वतः देवळाची फरशी घासणारा. तो म्हणतो कर्ज माफ करतो, टॉमेनला आशीर्वाद पण देतो, फक्त आमच्या जुन्या सशस्त्र पंथांना परत हत्यारं धरायची परवानगी द्या. ही हत्यारं जुन्या राजांनी अडीचशे वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने काढून घेतली होती. सर्सीला वाटतं एका सहीत नऊ लाख वाचले, वर फुकट फौज, आणि ती स्वतःवर खूश होऊन बाहेर पडते. वाचताना मी पण क्षणभर म्हटलं, अरे वा, सौदा तर चांगला केला. त्याच फौजेने पुढे तिला कोठडीत टाकलं.

आणि हे सगळं कशासाठी, तर भविष्याच्या भीतीने. लहानपणी एका म्हातारीने तिला सांगितलंय की तू राणी होशील, पण तुझ्याहून तरुण आणि देखणी दुसरी येईल आणि तुझं सगळं घेईल, तुझी तिन्ही मुलं तुझ्या आधी जातील. सर्सी ठरवून टाकते की ती दुसरी म्हणजे सून, मार्जरी. मग मार्जरीवर बदफैलीचा आळ घ्यायचा, खोटे साक्षीदार उभे करायचे, एका गवयाला हाल हाल करून त्याच्याकडून हवी ती नावं वदवायची, असं एकेक. तो गवई त्या दिवसापर्यंत फक्त गाणी म्हणत होता. त्याच्या तोंडावर सर्सी स्वतः त्याचंच वाद्य हाणते. हा चॅप्टर वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या रात्री परत उघडलं नाही. शेवटी जो खोटा साक्षीदार तिने मार्जरीविरुद्ध कबुलीजबाब द्यायला पाठवला त्यालाच धर्मगुरू फटके मारून खरं बोलायला लावतो, आणि मार्जरीसाठी उघडलेल्या दारातून सर्सी आत जाते.

पण मला विचाराल तर तिच्या ऱ्हासाचा सगळ्यात नेमका तपशील यातला कुठलाच नाही. मध्येच ती सहज सांगून जाते की धुणाऱ्या बायकांनी तिचे झगे आटवले, अंगात घट्ट होतात. बस, एवढंच, पुढे काही नाही. पण आपण आधीच्या पानांवर मोजत आलेलो असतो की ती सकाळपासून पिते, आणि आपल्याला कळतं की झगे आटलेले नाहीत. तिला कळत नाही. ती खोटं बोलत नाहीये, तिला खरोखर वाटतंय की धुणाऱ्या बायका बिनडोक आहेत. जे झग्याचं तेच मंत्रिमंडळाचं, तेच बँकेचं, तेच मुलाचं. दुसऱ्या कोणाच्या तरी चुका. एका ओळीत अख्खी बाई उभी केली आहे आणि सिरीजमध्ये हे शक्यच नव्हतं कारण कॅमेरा तिच्या डोक्यात जात नाही. तिथली सर्सी, म्हणजे 2016 साली धर्मपीठ उडवून देऊन खिडकीत दारू पीत उभी असलेली, भारी दिसते, अभिनय तर सुंदरच आहे, पण ती जिंकते. पुस्तकातली हरते, आणि कशी हरते ते पायरी पायरीने दिसतं.

मनोरा जाळण्याचा प्रसंग पण वाचाच. बापाचा खून झाला तो टॉवर ऑफ द हँड ती हिरव्या आगीत जाळून टाकते, टॉमेनच्या लग्नाच्या रात्री, सगळ्या दरबारासमोर. जेमी तिच्या चेहऱ्याकडे बघतो आणि त्याला आठवतो तो वेडा राजा एरिस, जो माणसं जाळताना असाच दिसायचा आणि ज्याला जेमीनेच मारलं होतं. जगात तिच्यावर सगळ्यात जास्त प्रेम करणारा माणूस तिला त्या जागी बघतो. पुस्तकाच्या शेवटी ती कोठडीतून त्याला लिहिते की ये, मला वाचव, आणि तो ते पत्र आगीत टाकायला सांगतो.

डेनेरिससाठी मात्र सहावं आणि सातवं पुस्तक, म्हणजे पाचव्या कादंबरीचे दोन भाग. इथे राणी चांगली आहे, आपली लाडकी आहे, गुलामांना सोडवत सोडवत आली आहे. त्याआधी, तिसऱ्या कादंबरीत, मीरीन शहराला पोचायच्या वाटेवर मालकांनी 163 गुलाम मुलं खांबांना खिळून ठेवलेली असतात, ती शहर घेते आणि 163 मालकांना तसंच खिळवते. सिरीजमध्ये तो सीन आला तेव्हा आमच्याकडे हॉलमध्ये टाळ्या पडल्या होत्या. पुस्तकात तिला नंतर त्यांचं विव्हळणं आठवतं, आणि ती स्वतःला बजावते की मुलांसाठी केलं, न्यायच केला. ते बजावणं मला टोचलं, कारण न्याय केल्याची खात्री असलेल्या माणसाला असं पुन्हा पुन्हा बजावावं लागत नाही.

आणि मग दरबारातला तो प्रसंग. लोक भरपाई मागायला येतात, ड्रॅगनने मेंढ्या खाल्ल्या म्हणून जळकी हाडं घेऊन, ती पैसे देते, काही जण खोटी हाडं आणत असतील हेही तिला माहीत आहे. सगळे गेल्यावर एक माणूस मागे राहतो, बोलत नाही, हातात एक गाठोडं. तो ते उघडतो आणि हाडं मेंढीची नसतात. त्याच्या छोट्या मुलीची असतात, हॅझिया तिचं नाव. डेनेरिस दोन ड्रॅगन साखळदंडात घालते, तिसरा, ज्याने हे केलं, तो सापडतच नाही. पुढचे सगळे चॅप्टर हॅझियाचं नाव तिच्या डोक्यात येत राहतं. ती जाळलेल्या ऑलिव्हच्या बागा परत लावायच्या म्हणते, ज्यांना फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात, शांततेसाठी नको असलेल्या माणसाशी लग्न करते, आणि त्याच वेळी तिची माणसं रात्री मारली जायला लागल्यावर एका दारूवाल्याच्या आणि त्याच्या मुलींच्या छळाला परवानगी देते. ती परवानगी एका ओळीत येऊन जाते. चुकून नजरेतून सुटली तरी आश्चर्य नाही, माझ्या भावाने वाचली आणि त्याला आठवत पण नाही.

हे वाचल्यावर शहर जाळणं मला अशक्य वाटत नाही, उलट पटायला लागतं. सिरीजमध्ये कारणं नव्हती असं नाही, शेवटच्या सिझनमध्ये तिचा निष्ठावान सरदार जोरा गेला, दुसरा ड्रॅगन गेला, सखी मिसांडेचं डोकं उडवलं, जॉनचा सिंहासनावरचा हक्क तिच्याहून मोठा निघाला, सल्लागार व्हेरिस फिरला. यादी पूर्ण आहे. पण सहाच एपिसोड होते आणि त्यात ही यादी भराभर वाचून दाखवली, तिच्या डोक्यात त्या यादीचं काय होतंय ते बघायला कोणी थांबलंच नाही. आणि बापावर गेली हे उत्तर मला मान्य नाही. रक्तात होतं म्हटलं की तिने केलेल्या सगळ्या निवडींना अर्थच उरत नाही, मग हॅझियासाठी साखळ्या घातल्या त्याचं काय करायचं. आता पुस्तकात शेवट कसा होईल ते सहावी-सातवी कादंबरी येईल तेव्हा कळेल, पण पाया इतका मजबूत घातलाय की ती कुठेही गेली तरी मी मागे जाऊन वाट दाखवू शकेन.

ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनी 'फायर अँड ब्लड' वेगळं घ्या, 2018 चं आहे, या सेटमध्ये येत नाही. रेनिराची गोष्ट त्यात आहे, जिच्यावर नवी सिरीज निघाली. ते सरळ कादंबरीसारखं नाही, बखरीसारखं आहे, एक पंडित लिहितोय आणि त्याच्यासमोर एक धर्मगुरू, एक दरबारी वैद्य आणि मशरूम नावाचा विदूषक यांच्या तीन वेगळ्या हकिगती आहेत, कोणाची खरी तुम्ही ठरवा. रेनिरा सिंहासन घेते तेव्हा खजिना रिकामा असतो कारण विरोधकांनी आधीच सोनं वेगवेगळ्या ठिकाणी हलवलेलं असतं. मग ती कर लावते, सगळ्यावर, मग लोक चिडतात, मग ती संशयाने घेरली जाते, मग जवळची माणसं तोडते. जिच्या नावाने लोकांनी दरवाजे उघडले तिला काही महिन्यांत त्याच शहरातून पळावं लागतं. ती क्रूर होती की कंगाल होती, हे तीन लेखक तीन तऱ्हांनी सांगतात, आणि मला लगेच शनिवारवाडा आठवला. पण सर्सीसारखं आतून काही मिळत नाही, तेवढी उणीव राहते.

आता वस्तूबद्दल. अक्षर बारीक आहे, चष्मा असेल तर रात्रीच्या दिव्यात त्रास होतो, माझ्या सासऱ्यांना वाचायची खूप इच्छा होती पण पहिल्या पुस्तकातच सोडावं लागलं, त्यांच्या वयाच्या कोणासाठी घेत असाल तर किंडलवर घ्या आणि अक्षर मोठं करा. कागद पातळ आणि पिवळसर, वाचायला डोळ्यांना बरा पण पावसाळ्यात कडा लगेच लाटा मारतात, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्या तर फरक पडतो. बांधणी अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, तिसऱ्याचा दुसरा भाग पार उलटा करून वाचलाय तरी पान सुटलं नाही, मणक्यावर रेघा पडतात त्या पडणारच. नकाशे दोन पानांच्या मध्ये गेल्यामुळे मधली गावं शिवणीत गडप होतात, मी फोनवर नकाशा उघडा ठेवून वाचते. मागे घराण्यांची यादी आहे ती सोन्यासारखी आहे, नावं विसरलात की तिथे जा. बॉक्सचा पुठ्ठा मात्र कमकुवत आहे आणि पुस्तकं आत इतकी घट्ट बसवली आहेत की पहिलं काढताना कव्हरचा कोपरा मुडपतो, आधी मधलं काढा, मग बाकीची सैल होतात. दुकानातून घेताना बॉक्स उघडून सातही पुस्तकं वेगवेगळी आहेत ना ते मोजून घ्या, एका ओळखीच्यांना एकाच भागाच्या दोन प्रती आल्या होत्या आणि बदलून घ्यायला खूप खेटे घालावे लागले.

एकदम सगळा सेट घ्यायचा नसेल तर पहिलं पुस्तक सुटं घ्या, आवडलं तर पुढे जा. चौथी कादंबरी एकटी घेऊन उपयोग नाही कारण सर्सी काय काय हरवून त्या खुर्चीपर्यंत आली हे आधीच्या तीन कादंबऱ्यांत आहे. चौथी आणि पाचवी कादंबरी बऱ्याच अंशी एकाच काळात घडते, काही जण दोन्हीचे चॅप्टर एकत्र करून वाचतात, पण पहिल्या वेळी तसं करू नका, सर्सीचे दहा चॅप्टर एकाच पुस्तकात आले की तिची गती कळते. तिचे पुढचे दोन चॅप्टर सातव्या पुस्तकात आहेत, त्यात तिचं मुंडण करून तिला उघडी शहरातून चालवत नेतात, आणि जिने गवयाला फोडून काढलं तिच्यासाठीच पोटात कालवतं, त्यामुळे ते गवयाच्या चॅप्टरनंतर लगेच नका घेऊ, मध्ये थोडे दिवस जाऊ द्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा बॉक्सच्या पुठ्ठ्यासाठी आणि बारीक अक्षरासाठी कापलाय.